कमळ पाण्यात, फुलं पानात, मोह उन्हात

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवाल तिथे पाणी लागतं. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, इटियाडोहचं धरण, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनीकडचे गावतलाव, धानाच्या बांध्यांच्या डोक्यावर बसलेल्या लहान लहान बोड्या. 1 मे 1999 रोजी हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण दोघांची ओळख आजही एकच आहे, तलावांचा मुलूख. इथे फुलं टिकवण्याचा इतिहास लिहायचा तर तो या पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

तोडलेलं फूल मेलेलं नसतं. मुळाशी त्याचं नातं तुटलेलं असतं, पण श्वास चालू असतो, पाकळ्यांतून पाणी उडत असतं, साठवलेली साखर खर्च होत असते. त्याला टिकवायचं तर माणसापुढे तीन वाटा राहतात. फुलाला पाणी देत राहायचं, आहे तेवढं पाणी त्याच्यात राखायचं, नाहीतर सगळंच पाणी काढून टाकायचं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या या भागाने तिन्ही वाटा मळून ठेवल्या आहेत. कमळ पाण्यात राहिलं, पूजेची फुलं पानात बांधली गेली आणि मोहफुलं उन्हात वाळून वर्षभराची बेगमी झाली.

पहिली वाट तलावाची. पूर्व विदर्भातले जुने तलाव ही मुख्यतः कोहळी समाजाची करणी. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात कोहळ्यांची एक आख्यायिका नोंदलेली आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीला जाऊन त्यांचं तलाव बांधण्याचं कसब पाहिलं आणि त्यांना आपल्या मुलखात आणून वसवलं, अशी ती कथा. नवेगावच्या बांधाचं श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिलं जातं. डोंगरांच्या मधली खिंड अडवून त्यांनी पाणी साठवलं. सभोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणींचे डोंगर म्हणतात. वनाधिकारी असलेले मारुती चितमपल्ली या परिसरात राहिले आणि इथलं पाणी, पक्षी आणि माणसं त्यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली.

तलाव बांधले गेले ते धानासाठी आणि उसासाठी. पण पाणी साठलं की त्यात मासळी येते, शिंगाडा येतो, कमळ येतं. तलावातल्या या पिकाचे जाणकार म्हणजे ढीवर. मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा. शिंगाडे काढणं, कमळाचे कंद उकरणं आणि सणाच्या दिवसांत कमळाच्या कळ्या बाजारात नेणं हीही पाण्यातलीच कामं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आणि दिवाळीचं लक्ष्मीपूजन या दोन वेळांना कमळाला मोठी मागणी. या दिवसांत पावसाने तलाव भरलेले असतात, त्यामुळे गरज आणि पीक यांचा मेळ आपोआप बसत आला.

कमळ मात्र घरी टिकवायला फार अवघड फूल आहे. बोडीत दिमाखात उभं असलेलं फूल घरी आणून गडव्यात ठेवलं की दुसऱ्याच दिवशी पाकळ्यांच्या कडा काळवंडतात. असं का होतं, याचं अर्धं उत्तर देठातच मिळतं. कमळाचा देठ हाताने मोडून दोन्ही तुकडे हळूच दूर न्या. मध्ये पांढरे, कोळिष्टकाहून बारीक धागे ताणले जातात आणि तुकडे वेगळे झाले तरी काही क्षण एकमेकांना धरून राहतात. हेच संस्कृत काव्यातले बिसतंतू. म्यानमारमधल्या इन्ले सरोवराकाठी या धाग्यांचं कापड विणतात. वनस्पतिशास्त्र सांगतं की हे धागे म्हणजे देठातल्या पाणी वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या भिंतींवरची सर्पिल वेटोळी. म्हणजे देठ मोडताना ताणल्या जातात त्या फुलाला पाणी पाजणाऱ्या नळ्याच. त्याच देठात हवेच्या मोठ्या पोकळ्याही असतात. चिखलात रुतलेल्या कंदापर्यंत हवा नेण्यासाठी त्यांची गरज असते. तोडलेल्या देठात मात्र बारीक नळ्यांवर पाण्याचा सगळा भार येतो, आणि पांढरा चीक त्यांच्या तोंडाशी साचू लागतो.

उरलेलं अर्धं उत्तर फुलाच्या पोटात आहे. रॉजर सेमूर आणि पॉल शुल्ट्झ-मोटेल यांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानातल्या कमळांचं तापमान मोजलं आणि 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर गारवा असतानाही उमलत्या कमळाच्या मधल्या भागाचं तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर राहत होतं. परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी कमळ स्वतःच ऊब तयार करतं आणि त्यापायी साठवलेलं अन्न जाळतं. देठ तुटला की कंदाकडून येणारी रसद थांबते, खर्च मात्र चालूच राहतो.

म्हणून कमळ घरी टिकवण्याची रीत पहिल्यापासून वेगळी आहे. कळी पूर्ण भरलेली पण मिटलेली असताना, पहाटे, लांब देठासकट काढायची. देठ पिरगळून तोडण्याऐवजी धारदार विळ्याने कापायचा. कळ्यांची जुडी कमळाच्याच पानात गुंडाळायची, म्हणजे वारा लागत नाही. घरी आल्यावर परातीत किंवा घंगाळात पाणी घेऊन देठ पाण्याखालीच पुन्हा थोडा कापायचा आणि जुडी गळ्यापर्यंत पाण्यात ठेवायची. पूजेच्या वेळी बाहेरच्या पाकळ्या हलक्या हाताने मागे दुमडून फूल उमलवायचं. पाण्याखाली कापण्याची ही खबरदारी का घ्यायची, हे समजायला आयर्लंडपर्यंत जावं लागतं.

डब्लिनमध्ये हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या दोघांनी 1894 साली एक विचार मांडला. झाड मुळाकडून पाणी वर ढकलत नाही. पानांतून पाणी उडतं आणि त्याच्या ओढीने खालचं पाणी अखंड वर खेचलं जातं, रिळावरचा दोरा एका टोकाने ओढावा तसं. ही धार सतत ताणाखाली असते. देठ हवेत कापला की तुटलेल्या तोंडातून हवा आत शिरते, नळीत बुडबुडा अडकतो आणि दोरा तुटतो. मग देठ पाण्यात उभा असूनही फूल तहानलेलं राहतं. पाण्याखाली कापलं तर हवेऐवजी पाणी आत जातं. देठ तिरका कापण्याचा फायदाही यातलाच. तोंड भांड्याच्या बुडाला टेकून बंद होत नाही आणि पाणी शोषायला जागा जास्त मिळते.

कमळ हे तलावाचं फूल. रोजच्या पूजेची फुलं मात्र वाडीतून येत. गोंदिया, भंडारा आणि बालाघाट या सलग पट्ट्यात भाजी आणि फुलं पिकवणारा समाज म्हणजे मरार. रसेल आणि हिरालाल यांनी माळी समाजाच्या प्रकरणात मरारांचीही नोंद केली आहे. विहिरीच्या काठची वाडी, त्यात वांगी-मिरचीच्या बांधावर झेंडू, शेवंती, कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर, अशी ही शेती. फुलं हा भाजीच्या जोडीचा धंदा होता आणि दोन्हींचा शत्रू एकच, दुपारचं ऊन.

माळ्याच्या या कसबाला धर्मशास्त्रानेही मान दिलेला आहे. पूजेला शिळं फूल चालत नाही, हा सर्वसाधारण नियम. पण पूजाविधीच्या परंपरेत त्याला अपवाद आहेत. तुळस आणि बेल बरेच दिवस शिळे मानत नाहीत, कमळाला पाच दिवसांची सूट मिळते, आणि माळ्याच्या घरी असलेल्या फुलाला शिळेपणाचा दोष लागत नाही. नियम करणाऱ्यांना बाजार ठाऊक होता, असंच यावरून दिसतं. सगळी फुलं त्याच सकाळी खुडून त्याच सकाळी विकणं कोणाही माळ्याला शक्य नव्हतं. आदल्या संध्याकाळी तोडलेली कळी ओल्या फडक्याखाली रात्रभर राखून सकाळी टवटवीत देणं हेच त्याचं कौशल्य होतं. शास्त्राने त्या कौशल्याला मान्यता दिली आणि माळ्याचा धंदा सोवळ्याच्या कात्रीतून सुटला.

दुसरी वाट पानाची. फूल माळ्याच्या घरून निघून भक्ताच्या घरी जाईपर्यंत त्याला सांभाळत असे ते पान. पळसाचं पान. गोंदियाच्या जंगलात पळसाला तोटा नाही. पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे, फुलांची पुडीही याच पानाची. दोन पानं आडवी-उभी ठेवून मध्ये फुलं, दुर्वा, बेल घालायचे, कडा आत मोडून सुताने किंवा केळीच्या सोपटाने बांधायचं. पुण्या-मुंबईत रोज सकाळी दारावर येणारी फुलपुडीही अशीच असे. ठाणे आणि पालघरच्या जंगलातून पळसाची पानं खुडून शहरांच्या फुलबाजारात पोचवण्याचं काम आदिवासी स्त्रिया करत आल्या आहेत.

पान हे नुसतं वेष्टन नव्हतं. पळसाचं ताजं पान जाड आणि चिवट असतं. तोडल्यावरही ते थोडा थोडा ओलावा सोडत राहतं, त्यामुळे पुडीच्या आतली हवा दमट राहते आणि पाकळ्यांतलं पाणी उडण्याचा वेग कमी होतो. त्याच वेळी पानांच्या फटींतून फुलांनी श्वासातून सोडलेली उष्णता आणि वाफ बाहेर जाते. प्लास्टिकच्या पिशवीत नेमकं उलटं घडतं. आतल्या आत वाफ साचते, पिशवीच्या भिंतीवर घाम जमतो, तो फुलांवर ठिबकतो आणि बुरशीला वाव मिळतो. सकाळी घेतलेली फुलं पिशवीत तशीच राहिली तर संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतात, हा अनुभव घरोघरीचा आहे. महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा फुलवाल्यांसाठी नवा पर्याय शोधण्याची गरज नव्हती. तो पिढ्यान्‌पिढ्या हाताशी होता, पानं खुडणारे हातही होते. गोंदियाच्या खेड्यातल्या बाईला पानाचा हा स्वभाव तेंदूमुळेही ठाऊक असतो. या जिल्ह्यात विडी उद्योगाने हजारो घरं जगवली, आणि विडी वळण्याआधी वाळलेलं तेंदूपान ओलं करून मऊ करावं लागतं. पाणी जास्त झालं तर पान काळं पडतं, कमी झालं तर कातरताना फाटतं. किती ओलावा पुरे, याचा अंदाज बोटांनाच येतो.

मग रेल्वे आली आणि फुलांना लांबचा प्रवास घडू लागला. नागपूर ते राजनांदगाव ही छत्तीसगड स्टेट रेल्वेची मीटरगेज वाट 1882 पर्यंत पूर्ण झाली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. 1900 सालापर्यंत ही वाट हावड्याला जाऊन भिडली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्याची छोटी लाइनही धावू लागली. गोंदिया जंक्शन झालं. धान, तेंदूपान, लाकूड हा मोठा माल, पण हावड्याच्या पुलाशेजारचा मलिक घाटाचा फुलबाजार आणि मुंबईतला दादरचा फुलबाजार हे दोन मोठे बाजार ज्या लोहमार्गाच्या दोन टोकांना आहेत, त्याच मार्गावर हे गाव वसलेलं आहे.

लांबच्या प्रवासाने फुलांची निवडही बदलली. नाजूक फुलं मागे पडली आणि दणकट फुलांनी बाजार धरला. झेंडू हा मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर हिंदुस्थानात आला, आणि आज त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही. निशिगंधही मेक्सिकोचाच. दोघांना इथे इतकं घरपण मिळालं त्यामागे त्यांचा टिकाऊपणा आहे. झेंडूचं एक फूल म्हणजे शेकडो लहान फुलांचा घट्ट गठ्ठा, देठाशिवायही तो दोन-तीन दिवस तग धरतो. निशिगंधाच्या छडीवरच्या कळ्या खालून वर एकेक करून उमलतात, त्यामुळे एका छडीला आठवडाभर फुलं मिळतात. खालची सुकलेली फुलं रोज खुडली आणि देठाचा बोटभर तुकडा दर दोन दिवसांनी कापला तर वरच्या कळ्याही उघडतात.

झेंडूची एक खोड मात्र व्यापारी जाणतात. पोत्यात दाबून भरलेला झेंडू आतून तापतो. फुलं श्वास घेत असतात, श्वासातून उष्णता निघते आणि ढिगाच्या मध्यावर ती कोंडते. वरची फुलं ताजी आणि पोत्याच्या पोटातली काळी, असं त्यामुळेच होतं. म्हणून माल उतरला की तो आधी जमिनीवर पातळ पसरतात आणि भोवती ओलं पोतं टाकतात. घरीही दसऱ्याच्या आदल्या रात्री आणलेला झेंडू पाण्यात बुडवून ठेवणं चुकीचं. गठ्ठ्यातल्या पाकळ्यांमध्ये पाणी अडकलं की सकाळपर्यंत कुजणं सुरू होतं. सुपात किंवा टोपलीत एकेरी पसरून वर पिळून काढलेलं ओलसर फडकं टाकलं की पुरतं.

गोंदियाच्या घरांत एप्रिल-मे महिन्यात फुलांना आणखी एक शत्रू भेटतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. या दिवसांत घराच्या कोपऱ्यात तणसात घातलेली आंब्याची आढी असते. त्याच खोलीत ठेवलेले गुलाब लवकर माना टाकतात, जास्वंद दुपारच्या आधीच मिटते. कारण पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. रशियात दिमित्री नेल्युबोव्ह यांनी 1901 साली दाखवून दिलं की दिव्याच्या गॅसमधला हाच घटक वाटाण्याच्या रोपांची वाढ बिघडवतो. 1908 साली शिकागोत क्रॉकर आणि नाइट यांनी कार्नेशन फुलांवर प्रयोग केले. काचघरातल्या दिव्यांच्या गॅसमधून अगदी थोडं इथिलीन गळलं तरी उमललेली फुलं पुन्हा मिटून जात आणि कळ्या उघडतच नसत. पुढे 1970 च्या दशकाच्या शेवटी हॉलंडमध्ये इथिलीनचा परिणाम रोखणारं चांदीचं संयुग फुलांवर वापरलं जाऊ लागलं आणि फुलांच्या जगभरच्या व्यापाराला बळ मिळालं. घरी चांदीच्या संयुगाची गरज नाही. आढी आणि फुलदाणी वेगळ्या खोल्यांत ठेवली, फ्रिजमध्ये केळी-आंब्यांशेजारी फुलांचा डबा ठेवला नाही, तरी मोठा फरक पडतो.

फुलदाणीतलं पाणी लवकर गढूळ होतं तेही रोखता येतं. कापलेल्या देठातून साखर आणि पेशींचा रस पाण्यात उतरतो, त्यावर जिवाणू वाढतात आणि देठाची तोंडं बुजवून टाकतात. म्हणून पाण्याखाली जाणारी पानं काढून टाकायची, भांडं राखेने किंवा साबणाने घासून घ्यायचं, पाणी रोज बदलायचं. जुन्या घरांत पूजेची फुलं तांब्याच्या गडव्यात ठेवत. तांब्याच्या पृष्ठभागावर जिवाणू फार काळ जगत नाहीत, एवढा त्या भांड्याचा आधार असे. आज लिटरभर पाण्यात चमचाभर साखर, लिंबाचा थोडा रस आणि कपडे धुण्याच्या ब्लीचचे दोन-चार थेंब घालून घरगुती खाद्य करता येतं. साखर फुलाचं अन्न, लिंबाच्या आंबटपणाने पाणी देठात सहज चढतं आणि ब्लीच जिवाणूंना आवर घालतं. नुसती साखर घातली तर जिवाणूच पोसले जातात, त्यामुळे तिन्हींची सोबत हवी.

आणि तिसरी वाट, पाणी काढून टाकण्याची. इथे गोंदियाचं सर्वांत मोठं फूल येतं, मोहफूल.

मोहाचं झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. रात्री वटवाघळं फुलांवर येतात आणि पहाटेपासून फिकट पिवळी, रसाळ फुलं टपटप खाली पडू लागतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलालगतच्या गावांतून बाया आणि मुलं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकून मातीला चिकटतात आणि गुरंढोरं, हरणं, अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाला मोहफूल फार प्रिय. त्यामुळे पहाटेच्या वेचणीत माणूस आणि अस्वल समोरासमोर येण्याचा धोका दर हंगामात असतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची जुनी सवयही घातक आहे, कारण तीच आग वणव्याला कारण होते. झाडाखाली जाळी बांधून फुलं वरच्यावर झेलणं हा त्यावरचा सोपा आणि स्वच्छ उपाय आता रुजतो आहे.

ताज्या मोहफुलात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं आणि उरलेल्यात बरीचशी साखर. ढिगात ठेवलं तर रात्रीतून आंबायला लागतं. म्हणून वेचणी संपताच ते अंगणात सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर पातळ पसरतात. सकाळी मोत्यासारखं पिवळसर दिसणारं फूल संध्याकाळी तपकिरी होऊ लागतं, तीन-चार कडक उन्हांत लालसर काळपट होतं. मूठभर फुलं दाबून मूठ उघडली आणि ती गोळा न होता सुटी झाली, की ती साठवायला तयार झाली असं समजतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आत ती ढोलीत गेली पाहिजेत. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते आणि साखर हवेतला ओलावा ओढून घेते. शेणाने लिंपलेल्या बांबूच्या ढोलीत घट्ट झाकून ठेवलेली फुलं पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. गोंड आणि हलबा घरांत ती भाजून कुटतात, तिळाबरोबर लाडू करतात, धान्यात घालून शिजवतात, गुरांना चारतात आणि दारूसाठी भिजवतात.

या साठवणीवर माणसं जगली आहेत. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताला झोडपून काढलं, त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यालाही. धान गेलं तेव्हा जंगलालगतच्या गावांना आधार होता तो मोहाचा. एरवी फुलं टिकवायची ती देवासाठी किंवा शोभेसाठी. इथे मात्र फूल टिकवणं म्हणजे घरातल्या लेकरांना पोटाला काही मिळणं होतं. एवढा मान फुलाला मिळावा असे मुलूख थोडेच.

सरकारी कायद्यांनी मात्र या फुलाकडे फार काळ दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिलं. इंग्रजी अमलात अबकारी खात्याची नजर त्याच्यावर होती. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि मुंबई दारूबंदी कायद्याच्या चौकटीत मोहफुलांची साठवण आणि वाहतूक परवान्यांच्या जाळ्यात अडकली. ज्या कुटुंबाच्या ढोलीत पिढ्यान्‌पिढ्या मोह होता त्याला आपल्याच घरातल्या फुलांची धास्ती वाटावी, हा मोठा अन्याय होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा आदिवासींचा हक्क मान्य केला आणि 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधून वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला निर्यात झाली. स्वच्छ वाळवलेल्या फुलाला परदेशात किंमत आहे, हे त्यातून दिसलं.

मोहाचाच एक शेजारी याच वाटेने टिकवला जातो. पळसाची केशरी फुलं फाल्गुनात वाळवून ठेवतात आणि धुळवडीला पाण्यात उकळून रंग काढतात. पानात बांधलेली पुडी आणि उन्हात वाळवलेलं फूल, दोन्ही एकाच झाडाकडून मिळतात.

आता या तिन्ही वाटांवर अडथळे आहेत. 1950-51 मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली आणि गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, या नावाने ते आज ओळखले जातात. गाळ साचत गेला, पाळीची डागडुजी करणारे हात बाजूला पडले, बेशरम आणि जलकुंभी या तणांनी काठ आणि पाणी व्यापलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटून, बूड नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यानंतर मासळी आणि पक्षी परतू लागले. हे काम कष्टाचं आहे आणि मोठ्या मोलाचं आहे. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेत तलावांचा गाळ काढताना कमळाचे कंद कुठे राखायचे, हे ढीवरांना विचारूनच ठरवायला हवं. यंत्राने सरसकट बूड खरवडलं तर खोली वाढते, पण कमळ आणि शिंगाडा दोन्ही जातात.

फुलांसाठीही महागड्या शीतगृहाची वाट पाहण्याची गरज नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात सुशांत रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर वाळ्याचं किंवा तणसाचं झाकण. पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं आणि कडक उन्हाळ्यातही आत बाहेरपेक्षा बराच गारवा आणि भरपूर दमटपणा राहतो. भाजीसाठी तयार झालेला हा कक्ष फुलांनाही मानवतो. वैनगंगेची वाळू, गावच्या भट्टीची वीट आणि धानाचं तणस हे सगळं गोंदियात हाताशी आहे. आठवडी बाजाराच्या जागेवर ग्रामपंचायतींनी असे दोन-चार कक्ष बांधले तर मरारांची शेवंती आणि ढीवरांची कमळं दुपारच्या उन्हात पडेल भावाने विकावी लागणार नाहीत, आणि सकाळी न खपलेला माल संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला ताजा देता येईल.